तळटीप : कँडी रंगाची हॉट रॉड

* ही गाडी १९३२ ची फोर्ड. त्या वर्षी फोर्डने स्वस्त मोटारीत व्ही-८ इंजिन बसवले. पुढे जुन्या झालेल्या या गाड्या कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी घेतल्या, मडगार्ड काढून हलक्या केल्या, छताचे खांब कापून बुटक्या केल्या आणि कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवल्या; अशा गाड्या म्हणजेच हॉट रॉड. या गाडीचे रंगकाम लेखकाने एका वाक्यात उरकले आहे. कारागिरावर तो अन्याय वाटतो. कँडी रंगात आधी सोनेरी किंवा चंदेरी धातुकणांचा थर देतात, त्यावर पारदर्शक रंगीत लॅकरचे अनेक हात. प्रकाश आरपार जाऊन खालच्या थरावरून परततो, म्हणून रंगाला खोली येते. दर हातागणिक छटा गडद होते. एक हात जरी असमान बसला तरी पट्टा उमटतो, आणि तो वरून झाकता येत नाही. — संपादक