काहीच होत नाही असा आजार

मागच्या महिन्यात दोन दिवस सांगलीला घरी जाऊन आलो. आईचा औषधांचा डबा सहज उघडला, तर रक्तदाबाच्या गोळ्यांची अख्खी पट्टी तशीच! विचारलं तर म्हणाली, "अरे, मला काही होतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. मग रोज गोळी कशाला गिळायची? सवय लागते उगाच." मी आवाज चढवला, बाबांनी टीव्हीचा आवाज चढवला आणि विषय तिथेच संपला.

परतीच्या बसमध्ये रात्रभर तोच प्रश्न डोक्यात. खरंच, काहीच होत नसेल तर त्याला आजार का म्हणायचं? दम्याची धाप ऐकू येते, संधिवाताचे गुडघे बोलतात, मधुमेहात निदान तहान तरी लागते. रक्तदाब म्हणजे बऱ्याच वेळा नुसता एक आकडा. आम्हा प्रोग्रामर मंडळींना हा प्रकार नवा नाही. मेमरी लीक असलेला सर्व्हर महिनोन्‌महिने झकास चालतो, एकाही युजरची तक्रार नसते आणि मग एका रात्री दोन वाजता फोन वाजतो. पण हे आईला काय सांगणार? म्हणून हा विकांत वाचनात घालवला. आणि गंमत म्हणजे, शंभर वर्षांपूर्वीचे मोठमोठे डॉक्टर आईच्याच बाजूचे निघाले.

रक्तदाब मोजता येत होता, प्रश्न तो नव्हता. रिवा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरने दंडाला गुंडाळायचा पट्टा १८९६ मध्ये काढला. कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने १९०५ मध्ये त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली आणि वरचा-खालचा असे दोन्ही आकडे मिळू लागले. त्यांचा खरा उपयोग लवकर कोणी ओळखला असेल, तर तो अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी! दाब जास्त असलेले लोक लवकर जातात हे त्यांना हिशेबाच्या वहीतून दिसत होतं. पैसे त्यांचे जाणार होते ना :-)

डॉक्टरांचं म्हणणं वेगळंच. वयाबरोबर रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यातून रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच. म्हणजे वाढलेला दाब ही शरीराने स्वतःच केलेली सोय, तिला हात लावू नये. पॉल डडली व्हाईट हे अमेरिकेतल्या हृदयरोगशास्त्राचं फार मोठं नाव. १९३१ च्या त्यांच्या पाठ्यपुस्तकातही साधारण हाच सूर आहे. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या जॉन हे यांनी तर असं म्हटलं, की दाब वाढलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका तो दाब सापडण्याचा, कारण मग कुणीतरी मूर्ख तो उतरवायला जातो. आईला हे सांगितलं नाही. सांगणारही नाही.

आणि मग रूझवेल्ट.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे खासगी डॉक्टर मॅकइंटायर हे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ. मार्च १९४४ मध्ये अध्यक्षांची तब्येत फारच ढासळलेली दिसली, तेव्हा हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासणी करवून घेतली. दाब १८६/१०८, हृदय मोठं झालेलं आणि थकलेलं. ब्रुएननी डिजिटॅलिस, कमी मीठ आणि विश्रांती सांगितली. दाब खात्रीने उतरवील असं औषध तेव्हा त्यांच्या हातात नव्हतंच. बाहेर जनतेला मात्र सगळं ठीक असल्याचं सांगितलं गेलं. नोव्हेंबरात रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले, फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला जाऊन स्टालिन आणि चर्चिलबरोबर युद्धानंतरच्या जगाची वाटणी करत बसले. १२ एप्रिलला दुपारी वॉर्म स्प्रिंग्सला खुर्चीत बसलेले असताना डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. दाब ३०० च्या वर, खालचा १९०. मेंदूत रक्तस्राव. वय ६३. मॅकइंटायर म्हणाले, हे अगदी अचानक झालं. अचानक! वर्षभराचे आकडे लिहून ठेवलेले होते की. (ती मूळ कागदपत्रं पुढे गायबच झाली. ब्रुएननी आपली हकीकत छापली ती १९७० मध्ये.)

जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला जे मिळालं नाही, त्याच्या जवळपासचं काहीतरी त्याच काळात आपल्या परळला मिळत होतं. ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती, म्हणून जरा सविस्तर.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. बिहार-बंगालकडे तिचं मूळ वेडावरचं औषध म्हणून विकलं जायचं. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं, की हिने रुग्ण शांत होतो आणि दाबही उतरतो. भारताबाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मुंबईच्या के.ई.एम.मधले डॉ. रुस्तम जाल वकील मात्र ती वर्षानुवर्षं रुग्णांना देत होते आणि मुख्य म्हणजे आकडे लिहीत होते. १९४९ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. तो वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्सनी तिकडे सर्पगंधा वापरून पाहिली. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीने मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं आणि गोळी जगभर गेली. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. परळवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल कोण जाणे.

लगेच परसातली मुळी उगाळायला जाऊ नका मात्र. रिसर्पिनने काही जण इतके खिन्न व्हायचे, की नैराश्याच्या रसायनशास्त्राचा एक अख्खा सिद्धांत त्यातून उभा राहिला. आज ते सहसा कुणी देत नाही. त्याहून बऱ्या गोळ्या आहेत.

असो. औषध आलं तरी आईचा प्रश्न शिल्लकच होता. आकडा उतरतो, ठीक, पण माणूस वाचतो का? बॉस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ लोकांवर वर्षानुवर्षं नुसती नजर ठेवली गेली. कुणाला झटका येतो, कुणाला अर्धांगवायू होतो, आणि त्याआधी त्यांचे आकडे काय होते. दाब जास्त तसा धोका जास्त, हे तिथे स्पष्ट झालं. तरी संशयी लोक म्हणत, धोका आहे हे मान्य, पण गोळीने तो कमी होतो कशावरून?

याचं उत्तर एडवर्ड फ्रीस यांनी १९६७ मध्ये दिलं. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतले १४३ पुरुष, खालचा दाब ११५ ते १२९. अर्ध्यांना खऱ्या गोळ्या, अर्ध्यांना दिसायला तशाच खोट्या. खऱ्या गोळ्यांत तीन औषधं होती आणि त्यातलं एक आपलं सर्पगंधेचं रिसर्पिन. सरासरी दोन वर्षंही झाली नाहीत, तोवर खोट्या गोळीवाल्यांत २७ जणांना गंभीर काहीतरी झालं, त्यातले काही गेले. खऱ्या गोळीवाल्यांत अशी माणसं फक्त २. त्या दोघांचं सोडलं तर बाकीच्यांना काय झालं? काहीच नाही!

काल रात्री आईला फोन केला. रूझवेल्टची गोष्ट तिने मन लावून ऐकली. "घरातल्या कुणी त्याला लोणचं सोड म्हटलं नाही का?" असं विचारलं. मग १४३ जणांची गोष्ट सांगितली. त्यावर बराच वेळ काही बोलली नाही, म्हणून मीच विचारलं, "पट्टीत आता किती उरल्यात?"

"मोजत बसते होय मी? तू जेवलास का ते सांग."

बाबांना मोजायला सांगितलं आहे.