स्वीडनमधील ‘बालसाथ’ आणि उष्टावणाचा मुहूर्त

१/ साथ म्हटली की प्लेग, पटकी आठवतात. परंतु १९८० च्या दशकात स्वीडनने अशी एक ‘साथ’ पाहिली, जिला ना जंतू होता, ना संसर्ग. तिची झळ बसली ती दोन वर्षांखालील बाळांना. #थ्रेड

२/ रोगाचे नाव सीलिअ‍ॅक. गहू, जव व राय यांतील ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. पोट फुगते, जुलाब होतात, वाढ खुंटते. दशकाच्या मध्यापासून या वयोगटातील नव्या रुग्णांचे प्रमाण सुमारे चौपट झाले.

३/ शोध घेता दोन दुवे हाती लागले. १९८२ साली अधिकृत सल्ला बदलला होता : ग्लूटेन चौथ्याऐवजी सहाव्या महिन्यापासून द्यावे. तोवर अनेक बाळांचे अंगावरचे दूध सुटलेले असे. त्याच सुमारास बाजारातील बालआहारात ग्लूटेनचे प्रमाणही वाढले होते.

४/ १९९६ मध्ये सल्ला पुन्हा फिरला : स्तनपान चालू असतानाच थोडे थोडे ग्लूटेन द्या. नवे रुग्ण झपाट्याने घटले. चौथा ते सहावा महिना हाच ग्लूटेनचा ‘मुहूर्त’, असे गृहीतक त्यातून बळावले.

५/ मग त्याची कसोटी लागली. आठ देशांतील ९४४ बाळे निवडली गेली. प्रत्येकाच्या घरात एक रुग्ण होता आणि जनुकीय धोकाही होता. चौथ्या महिन्यापासून निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ग्लूटेन, उरलेल्यांना निष्क्रिय भुकटी.

६/ २०१४ चा निकाल : तिसऱ्या वर्षापर्यंत ग्लूटेन-गटात ५.९ टक्के, दुसऱ्यात ४.५ टक्के रुग्ण. फरक नगण्य. स्तनपानानेही हा रोग टळला नाही (त्याचे इतर लाभ अबाधित आहेत). त्याच वर्षी इटलीतील अभ्यासाने दाखवले की, ग्लूटेन बाराव्या महिन्यापर्यंत लांबवल्यास रोग उशिरा प्रकटतो; पाचव्या वर्षी दोन्ही गट समान.

७/ मग स्वीडनचा अनुभव खोटा का? नव्हे. बारा वर्षांच्या मुलांच्या तपासणीत १९९३ साली जन्मलेल्यांत सुमारे २.९ टक्के, तर १९९७ च्या पिढीत २.२ टक्के रुग्ण आढळले. मात्र तेथे वेळ, मात्रा आणि स्तनपान हे तिन्ही घटक एकाच वेळी बदलले होते. श्रेय नेमके कोणाचे, हे केवळ घटनाक्रमावरून ठरत नाही.

८/ २०१६ मध्ये युरोपीय बालपचनतज्ज्ञांच्या संस्थेने सल्ला सौम्य केला : चार ते बारा महिन्यांत केव्हाही ग्लूटेन द्यावे, आरंभीचे काही आठवडे मोठी मात्रा टाळावी.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यायचा धडा जुनाच आहे : कावळा बसला आणि फांदी तुटली, म्हणून ती कावळ्याने तोडली असे होत नाही. आणि ‘मी चुकीच्या महिन्यात भरवले’ अशी खंत बाळगणाऱ्या आईवरील आरोपाला तर पुराव्याचा आधारच उरलेला नाही.