मोनॅकोतील प्रेक्षणीय स्थळे : नावांतून दिसणारा इतिहास

भूमध्य समुद्राच्या काठी, तिन्ही बाजूंनी फ्रान्सने वेढलेल्या मोनॅको या राज्याचे क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर आहे. राजवाडा, कॅथीड्रल, सागरविज्ञान संग्रहालय, कॅसिनो, नाट्यगृह आणि निवडुंगांची बाग ही तेथील प्रसिद्ध स्थळे पायी चालणारा प्रवासीही एका दिवसात पाहू शकतो. ग्रिमाल्डी घराण्याचा मोनॅकोशी संबंध सातशे वर्षांचा असल्याने हे सारे वैभव तितकेच जुने असावे, अशी त्याची सहज समजूत होते. वस्तुतः राजवाडा वगळता यांपैकी एकही वास्तू आजच्या रूपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीची नाही. कॅथीड्रलची गोष्ट तर विशेष बोधप्रद आहे. त्याच्या जागी १२५२ मध्ये उभारलेले संत निकोलस यांचे चर्च होते. ते १८७४ मध्ये पाडण्यात आले आणि पुढच्या वर्षी मध्ययुगीन धाटणीच्या नव्या इमारतीचे काम सुरू झाले. खरे मध्ययुग पाडून त्याचा आभास बांधला गेला, असे म्हणणे अनुचित ठरू नये.

मोनॅकोला मराठीत ‘संस्थान’ म्हणण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे या शब्दात बलिष्ठ सत्तेचे छत्र गृहीत असते, आणि त्या अर्थाने १८६० पर्यंत तो मोनॅकोला चपखल लागू पडतो. सोळाव्या शतकात स्पेनचे, १६४१ पासून फ्रान्सचे आणि नेपोलियनच्या पाडावानंतर सार्डिनियाचे असे संरक्षक बदलत गेले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात १७९३ मध्ये तर हा प्रदेश फ्रान्समध्ये विलीन करून गावाचे नावही ‘फोर्ट हर्क्युल’ असे बदलण्यात आले होते.

‘मोनॅको’ या नावाविषयी एक लोकसमज रूढ आहे. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मठवासी साधू’ असा होतो. १२९७ मध्ये फ्रान्सेस्को ग्रिमाल्डी याने फ्रान्सिस्कन साधूच्या वेषात किल्ल्यात प्रवेश करून तो काबीज केला, असे परंपरा सांगते आणि राजचिन्हावर तलवार उपसलेले दोन साधू आजही दिसतात. तेव्हा नाव त्या साधूवरून पडले, असे प्रवाशांना वाटते. परंतु इसवी सनाच्या प्रारंभीच्या स्ट्रॅबोला हे बंदर आणि तेथील हेराक्लीस मोनोइकोसचे मंदिर ठाऊक होते. ‘मोनोइकोस’ म्हणजे एकटा राहणारा, किंवा एकच निवास असलेला. चिन्हाने कथेला आधार दिला आणि कथेने नावाला नवी व्युत्पत्ती जोडली; नाव मात्र या दोहोंहून हजार वर्षांहून अधिक जुने आहे.

प्रेक्षणीय स्थळांच्या निर्मितीचे मूळ १८४८ च्या घटनांत आहे. तोवर राज्याचा बहुतांश भाग मांताँ आणि रोकब्रून या दोन गावांचा होता. राज्याच्या उत्पन्नाची मदारही त्यांच्या लिंबांवर व ऑलिव्हच्या तेलावर होती. करांच्या ओझ्याने आणि त्याआधीच्या राजवटीतील पावाच्या मक्त्याच्या आठवणीने चिडलेल्या या गावांनी त्या वर्षी स्वतःस मुक्त नगरे म्हणून घोषित केले. २ फेब्रुवारी १८६१ च्या तहाने तिसऱ्या चार्ल्सने ४० लक्ष फ्रँक घेऊन त्यांवरील हक्क फ्रान्सला दिला. वीसपैकी जवळजवळ एकोणीस हिस्से भूमी गेली. उरला तो एक खडक, एक बंदर आणि समोरचे ओसाड पठार. स्वातंत्र्य मान्य झाले, पण त्याचा खर्च कशातून भागवावा, हा प्रश्न राहिला.

त्यावर योजलेला उपाय सर्वपरिचित आहे. फ्रान्समध्ये जुगारगृहे १८३७ च्या अखेरीस बंद झाली होती. मोनॅकोत १८५६ मध्ये पहिला मक्ता दिला गेला, पण तेथवर धड रस्ता नसल्याने खेळणारेच येईनात आणि मक्तेदार बदलत राहिले. जर्मनीतील होम्बुर्ग येथे नाव कमावलेल्या फ्रान्स्वा ब्लाँ याने १८६३ मध्ये १७ लक्ष फ्रँकला हा मक्ता घेतला. १८६८ मध्ये रेल्वे आली. पुढल्याच वर्षी प्रजेवरील प्रत्यक्ष कर रद्द करण्यात आले.

या व्यवहारातील शब्दयोजना अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावी. ब्लाँच्या कंपनीच्या नावात जुगार हा शब्द कोठेच नाही. ‘समुद्रस्नानांची कंपनी व परदेशीयांचे मंडळ’ असे ते नाव होते. त्यातील ‘परदेशीयांचे’ हे पद मात्र अक्षरशः खरे होते, कारण मोनॅकोच्या नागरिकांना तेथे खेळण्यास मनाई होती. कॅसिनोच्या पठाराचे जुने नाव ‘स्पेलुग’, म्हणजे गुहा. लॅटिन ‘स्पेलुंका’ हे त्याचे मूळ. त्याच मुळापासून आलेल्या जर्मन ‘श्पेलुंके’ या शब्दाचा अर्थ हलक्या दर्जाचा गुत्ता असा आहे, आणि ब्लाँची गिऱ्हाइके तर जर्मन स्नानस्थळांच्या वाटेवरची! १८६६ मध्ये राजाने या भागाला स्वतःचे नाव दिले. दरबाराची भाषा फ्रेंच असूनही ते ‘माँ शार्ल’ झाले नाही, ‘मॉन्टे कार्लो’ झाले. उत्तरेकडून येणाऱ्या प्रवाशाला इटालियन स्वरान्त शब्दांत जे ऊन आणि जो समुद्र ऐकू येतो, त्याचा विचार या निवडीत नसेलच असे म्हणवत नाही. हे नाव पुढे मूळ राज्याच्या नावाहूनही अधिक गाजले.

पॅरिसच्या ऑपेराचा शिल्पकार शार्ल गार्निए याने कॅसिनोला लागून बांधलेले नाट्यगृह १८७९ मध्ये उघडले. पुढे द्यागिलेव्हच्या रशियन बॅलेचे १९११ मध्ये येथे प्रयोग झाले. राव्हेलचा एक ऑपेराही १९२५ मध्ये प्रथम येथेच रंगभूमीवर आला. जुगाराच्या पैशावर कलेचे इतके चांगले पोषण क्वचितच झाले असेल. समुद्रसंशोधक पहिला आल्बर्ट याचे सागरविज्ञान संग्रहालय २९ मार्च १९१० रोजी खुले झाले. समुद्रातून सरळ उठणाऱ्या कड्यावरची ही वास्तू आजही प्रवाशाला थक्क करते. पण त्याच वर्षी नागरिकांचा असंतोषही उफाळून आला. कर नव्हता हे खरे. पण मताधिकार नव्हता, विधिमंडळ नव्हते, आणि कॅसिनोतील व संस्थानातील बऱ्याच नोकऱ्या परकीयांकडे होत्या. जानेवारी १९११ मध्ये राजाला पहिले संविधान द्यावे लागले. संग्रहालयाच्या उद्घाटनाची तारीख प्रवासी पुस्तिकांत सापडते. संविधानाची सहसा सापडत नाही.

या परकीयांच्या नगरीत मूळ रहिवाशांच्या बोलीचे काय झाले? १२१५ मध्ये जिनोआने खडकावर किल्ला बांधण्यास घेतला. त्याबरोबर आलेल्या वसाहतकारांची लिगुरियन बोली तेथे रुजली. राज्यकारभार प्रथम इटालियनमध्ये व मग फ्रेंचमध्ये चाले. बोली घरात, बाजारात आणि होड्यांवर राहिली. तिला पहिली साहित्यकृती दिली ती लुई नोतारी याने, १९२७ मध्ये, संत देवोता हिच्या आख्यायिकेवरील काव्याने. हा नोतारी व्यवसायाने अभियंता होता. उभ्या कड्याच्या अंगाला निवडुंगांची बाग वसविण्याचे काम त्याच्याकडे होते आणि १९३३ मध्ये ती खुली झाली. परदेशी वनस्पतींना खडकात रुजवणारा आणि खडकावरच्या बोलीला कागदावर आणणारा माणूस एकच, हे प्रवाशाला कोणी सांगत नाही. राष्ट्रगीताचे मोनेगास्क शब्दही त्याचेच. त्यानंतर लुई फ्रोला याचे व्याकरण १९६० मध्ये आणि शब्दकोश १९६३ मध्ये निघाला, व १९७६ पासून ही भाषा शाळांत शिकवली जाऊ लागली. आज जुन्या गावातील रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंचसोबत ती वाचावयास मिळते.

नोतारीच्या नायिकेचे नाव मात्र जगभर पोहोचले ते निराळ्याच वाटेने. मोनॅकोच्या रस्त्यांवरून १९२९ पासून धावणाऱ्या मोटार शर्यतीचे पहिले वळण तिच्या चॅपेलपाशी आहे, आणि ‘सँत देव्होत’ हे आता लाखो श्रोत्यांच्या कानी एका धोक्याच्या वळणाचे नाव म्हणून पडते. दर वर्षी २६ जानेवारीच्या सायंकाळी त्याच चॅपेलसमोर तिच्या स्मरणार्थ होडी जाळण्यात येते. त्या समारंभाला गर्दी असते ती मुख्यतः गावकऱ्यांची.

गमावलेली भूमी राज्याने पुढे समुद्रातून मिळविण्यास आरंभ केला. तिसऱ्या रेनिएच्या कारकिर्दीत फाँव्हिएय हा सुमारे २२ हेक्टरांचा विभाग भराव घालून तयार झाला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी सुमारे सहा हेक्टरांच्या नव्या वस्तीचे उद्घाटन झाले. जुगाराचा राज्याच्या उत्पन्नातील वाटा आता अल्प आहे आणि येथील सदनिका कॅसिनोच्या गिऱ्हाइकांहून वेगळ्या धनिकांसाठी आहेत. राजभाषा फ्रेंच असतानाही या वस्तीचे नाव फ्रेंच नाही. समुद्र आणि भूमी यांचे इटालियन शब्द जोडून ते ‘मारेतेर्रा’ असे ठेवण्यात आले आहे.