मेथीचा लाडू आणि मेळघाट



लहानपणी बाळंतिणीच्या खोलीतला मेथीचा लाडू ज्याने चोरून खाल्ला नाही, आणि पहिल्या घासालाच तोंड कडू करून उरलेला हळूच डब्यात ठेवला नाही, असा माणूस या सभेत क्वचितच असेल. आमचीही गणना त्या चोरांतच करावी. मेथीने दूध येते, कंबर धरत नाही, वात जातो, अशी श्रद्धा आपण आजीपासून घेतली. ती कितपत खरी, हे आज मेथीच्याच इतिहासातून पाहावयाचे आहे; आणि शेवटी चिखलदऱ्याचा घाट चढावयाचा आहे, कारण या लाडवाची खरी परीक्षा तेथे होते.

मेथीच्या सर्वांत जुन्या खुणा पश्चिम आशियात सापडतात. इराकमधील तेल हलाल येथे जळालेले दाणे मिळाले, त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षे ठरतो. मिसर देशात तुतनखामेनच्या थडग्यातही मेथीदाणे निघाले. रोमन लोकांची दृष्टी अधिक व्यवहारी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला केटो आपल्या शेतीच्या ग्रंथात मेथी पेरावयास सांगतो ती बैलांसाठी. तिच्या लॅटिन नावाचा अर्थही 'ग्रीकांची वैरण' असाच आहे! आपल्याकडे मात्र ती वैद्याच्या हाती गेली. सोळाव्या शतकातील भावमिश्राने मेथी, हळीव, कलौंजी व ओवा यांना एकत्र करून 'चतुर्बीज' म्हटले. यांपैकी तीन जिनसा आपल्या बाळंतिणीच्या फडताळात अजून सापडतात.

आता या दाण्यात आहे काय? वजनाच्या सुमारे पाव भाग प्रथिने, जवळजवळ तितकाच चोथा, शिवाय लोह. हा चोथा पाण्यात फुगून बुळबुळीत होतो आणि अन्नातील साखर रक्तात सावकाश जाऊ देतो. १९९० साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील आर. डी. शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात रक्तातील साखर उतरली. परंतु मात्रा किती होती? तेल काढलेल्या मेथीची पूड दिवसाला १०० ग्रॅम! चहाच्या चमच्यात मेथीदाणे मावतात जेमतेम ४ ग्रॅम. रात्री चमचाभर मेथी भिजत घालून सकाळी गिळणाऱ्या मंडळींनी हा हिशेब मनाशी करावा. साखरेच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील त्यांनी आणि गर्भवतींनी औषध म्हणून मेथी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, हेही येथेच सांगून टाकतो. दुधाविषयी म्हणाल, तर काही प्रयोगांत ते वाढलेले दिसले, काहींत नाही.

चमचाभर मेथीत प्रथिने भरतात अवघी एक ग्रॅम. मग आपल्या आया-बहिणी त्या लाडवावर सावरत ती कशाच्या जोरावर? कणीक, तूप, गूळ, डिंक, खोबरे यांच्या. आणि त्याहूनही, दीड महिना कोणी कामाला हात लावू देत नसे म्हणून. मेथीचा कडवटपणा जिभेवर राही, तेव्हा गुणाचे श्रेय तिला मिळाले. तूप बिचारे बोलले नाही.

आता घाट चढू. चिखलदरा म्हटले की वक्ते कीचकाची दरी दाखवितात, डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजांनी गाविलगड कसा घेतला ते सांगतात, आणि थंड हवेची स्तुती करून परतवाड्यास उतरतात. त्याच डोंगरात राहणाऱ्या कोरकूंच्या चुलीवर काय शिजते, हे या इतिहासात येत नाही. कोदो, कुटकी, ज्वारी, मका हे तेथले धान्य. मेथीदाणा मुख्यतः पिकतो राजस्थान, गुजरात, मध्यप्रदेशात. डोंगरावर तो दुकानातून येतो, आणि तूपही विकतच. १९९३ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे मेळघाटचे नाव देशभर गेले. चिखलदरा आणि धारणी हेच ते दोन तालुके. तेव्हा शहरांतून उपदेशही पुष्कळ झाला: यांना आहाराचे ज्ञान नाही, मातांना शिकवा. आम्हांस हा उपदेश तेव्हाही रुचला नाही. पोटुशी बाई शेवटच्या आठवड्यापर्यंत मजुरीला जाते, ती ज्ञान नाही म्हणून काय? तिच्या घरी डबा भरून ठेवण्याइतके तूप-गूळ कधी एका वेळी आले नाही.

२०१५ साली राज्य शासनाने आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांसाठी अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना काढली, आणि अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण ठरविले: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडे किंवा केळे. त्या ताटात लाडूही आहे. तो शेंगदाण्याचा, मेथी त्यात नाही.