‘फन’ मोठ्या अक्षरांत

२०१५ पासून ब्रिटनमधल्या बेटिंगच्या दुकानांत आणि टीव्हीवरच्या जाहिरातींत एक पाटी दिसू लागली: ‘व्हेन द फन स्टॉप्स, स्टॉप’. मजा संपली की थांबा. त्यातला ‘फन’ हा शब्द बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत होता. मी सॉफ्टवेअर लिहितो. कुठलं बटण ठळक आणि कुठलं फिकट, यावर आमच्याकडे तासन्‌तास वाद होतात. त्यामुळे अक्षरांचा आकार उगाच ठरतो, यावर माझा विश्वास नाही.

ही पाटी सरकारने लावायला सांगितलेली नव्हती. विल्यम हिल, लॅडब्रोक्स, कोरल आणि पॅडी पॉवर या चार बड्या बुकमेकर कंपन्यांनी २०१४ मध्ये ‘सेनेट ग्रुप’ काढला, स्वतःवर स्वतःच लक्ष ठेवण्यासाठी. त्याची ही मोहीम. हे त्यांना तेव्हाच का सुचलं, ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

१८५३ च्या कायद्याने रोखीने पैजा घेणारे अड्डे बंद केले, १९०६ च्या कायद्याने रस्त्यावरची बेटिंग. श्रीमंतांनी फोनवरून उधारीत पैज लावली तर मात्र कायद्याची हरकत नव्हती. कामगार गल्लीतल्या ‘रनर’च्या हातात चिठ्ठी आणि नाणी ठेवायचा, आणि पोलीस अधूनमधून त्या रनरला धरायचे. हा दुटप्पीपणा १९६० च्या कायद्याने संपवला. १ मे १९६१ ला परवाना असलेली दुकानं उघडली.

पण कसली दुकानं! रस्त्यावरून आतलं काही दिसायचं नाही. टीव्ही नाही, चहा नाही, जाहिरात नाही. या, पैज लावा, चालते व्हा. कायदा आणणारे गृहमंत्री रॅब बटलर यांनाच पुढे ही दुकानं अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांच्या कचेरीसारखी वाटली. १९७८ मध्ये लॉर्ड रॉथशील्ड यांच्या आयोगाने यामागचं तत्त्व मांडलं: असलेली मागणी पुरवा, नवी चेतवू नका. डिझाइन म्हणून मला हे फार आवडतं. भार गिऱ्हाइकाच्या मनोनिग्रहावर नव्हता, दुकानाच्या भिंतींवर होता.

१९८६ मध्ये टीव्ही आणि गरम पेयं आली. मग दुकानांत रुलेटची यंत्रं बसली. दर वीस सेकंदांना १०० पौंडांपर्यंत लावता येणारी. पूर्वी निदान घोडे धावेपर्यंत थांबावं लागायचं. २००५ च्या कायद्याने मागणी सिद्ध करण्याची अटच काढली, आणि सप्टेंबर २००७ पासून टीव्हीवर जाहिरातींना मोकळीक मिळाली. यंत्रांवरून ओरड वाढली, कडक कायद्याची चाहूल लागली, आणि सेनेट ग्रुप जन्मला. हा योगायोग नसावा.

त्यांनी काहीच केलं नाही असं नाही. दुकानाच्या काचेवरच्या यंत्रांच्या जाहिराती काढल्या, रात्री नऊच्या आत टीव्हीवर नव्या गिऱ्हाइकांसाठी आमिषं दाखवायची नाहीत असं ठरवलं. पण यंत्रांवरची मर्यादा १०० वरून २ पौंडांवर यायला १ एप्रिल २०१९ उजाडला, तोही सरकारी आदेशाने. त्यातल्या दिरंगाईच्या निषेधार्थ क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये राजीनामा दिला होता.

त्याच २०१९ मध्ये वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी फुटबॉलप्रेमींवर प्रयोग केला. काहींना जाहिरात पाटीसकट दाखवली, काहींना पाटीशिवाय. पाटीमुळे पैजा कमी झाल्या नाहीत. आकडा उलट किंचित वरच होता, अर्थात निष्कर्ष काढण्याइतका नाही.

आयपीएलच्या जाहिरातींत एका दमात वाचलेलं ‘व्यसन लागू शकतं, जबाबदारीने खेळा’ आपल्या कानांनाही सवयीचं होतं. आपल्याकडेही एप्रिल २०२३ च्या नियमांत स्वनियमन संस्थांची तरतूद होती. एकाही संस्थेला मान्यता मिळाली नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर थेट बंदीचा कायदा आला.

ब्रिटनमध्ये टीकेनंतर ‘फन’ लहान झालं. २०२१ मध्ये नवी घोषणा आली, ‘टेक टाइम टू थिंक’. व्यसनावरच्या उपचारांसाठी आणि संशोधनासाठी कंपन्या स्वखुशीने जी वर्गणी द्यायच्या, तिच्या जागी एप्रिल २०२५ पासून सक्तीचा आकार लागू झाला.