कोऱ्या नोटा आणा, मोजे काढा

डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत आणा, घडी पडलेली नोट कुणी घेणार नाही. कार्ड चालत नाही, सगळ्या प्रवासाचे पैसे रोख न्या. पॅगोडात शिरताना बूट काढा, मोजेही काढा. घड्याळ भारतापेक्षा एक तास पुढे करा. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा.

म्यानमारला जाणाऱ्या पर्यटकाला दहा-पंधरा वर्षांपूर्वी साधारण हेच सांगितलं जायचं. मला जुनी प्रवासमार्गदर्शकं वाचायचा नाद आहे, जायचं नसलेल्या देशांचीसुद्धा. पण बाकी देशांच्या सूचना वाचून पुढे जाता येतं. म्यानमारच्या सूचना वाचताना दर ओळीला ‘असं का?’ हा प्रश्न अडवतो.

नोटांपासूनच सुरुवात करतो. १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि देशाची दारं लावून घेतली. परदेशी माणसाला सुरुवातीला चोवीस तासांचा व्हिसा मिळे, पुढे १९७०च्या सुमारास तो सात दिवसांचा झाला. दुकानं, गिरण्या, बँका सरकारजमा झाल्या. १९६४ मध्ये पन्नास आणि शंभर क्यातच्या नोटा रद्द झाल्या. पिढ्यानपिढ्या तिथे व्यापार करणारे, नोकरी करणारे लाखो भारतीय त्याच वर्षांत देश सोडून परतले, तेही बरोबर फारसं काही नेता न येता.

१९८५ मध्ये दुसरी नोटबंदी झाली. वीस, पन्नास, शंभरच्या नोटा गेल्या आणि पंचवीस, पस्तीस, पंचाहत्तर अशा विचित्र आकड्यांच्या नोटा आल्या. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९८७ मध्ये, त्याही रद्द. या वेळी बदलून मिळण्याची सोयच नव्हती. आपल्याकडच्या नोव्हेंबर २०१६च्या रांगा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांनी फक्त एवढी कल्पना करावी की रांगेच्या टोकाला बँकच नाही. त्यानंतर आल्या पंचेचाळीस आणि नव्वदच्या नोटा. दोन्ही आकड्यांना नऊने भाग जातो, आणि नऊ हा ने विन यांचा शुभांक! भाजीवाल्याने पंचेचाळीस आणि नव्वदच्या नोटांत सुटे पैसे कसे द्यायचे, हा विचार शुभांकात बसत नसावा.

फीसाठी साठवलेले पैसे एका घोषणेत कागद झाले म्हणून रंगूनमधले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी त्याच महिन्यात रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी, ८ ऑगस्ट १९८८ला, सगळा देश रस्त्यावर होता. ने विन त्याआधीच पायउतार झाले होते, पण सैन्य गेलं नव्हतं. गोळीबारात मेलेल्यांचे आकडे कधीच एकमताने ठरले नाहीत. १९८९ मध्ये नव्या लष्करी राजवटीने देशाचं नाव बर्माचं म्यानमार आणि रंगूनचं यांगोन केलं. आपल्या आजोबांच्या तोंडी तो ब्रह्मदेशच राहिला.

ज्या देशात सरकारची नोट कधी मरेल सांगता येत नाही, तिथे लोक परक्याची नोट जिवापाड जपतात. घडीचा डॉलर नाकारणाऱ्या दुकानदारावर पर्यटक वैतागायचे, त्याचे किस्से रंगवून सांगायचे. मला तो दुकानदार शहाणा वाटतो.

सरकारी भाव हा दुसरा विनोद होता. कित्येक वर्षं कागदोपत्री एका डॉलरला सहाच्या आसपास क्यात मिळत, बाहेर बाजारात त्याच्या कित्येक पट. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या भटक्यांना एक सल्ला तोंडपाठ असे: बँकॉकच्या विमानतळावर जॉनी वॉकरची एक बाटली आणि ५५५ सिगारेटचा एक कार्टन घ्या, रंगूनला उतरल्यावर विका, त्यात आठवड्याचा खर्च निघेल. हे ओळखून सरकारने १९९३ मध्ये पर्यटकांसाठी वेगळंच विनिमय-प्रमाणपत्र छापलं. विमानतळावर उतरल्या-उतरल्या ठरावीक डॉलर देऊन ते घ्यावंच लागे. ही सक्ती काही वर्षांनी उठली, प्रमाणपत्रं मात्र २०१३ पर्यंत चालली. क्यातचा भाव बाजारावर सोडला तो एप्रिल २०१२ मध्ये.

रस्त्याची गोष्ट छोटी आहे. इंग्रजांमुळे वाहनं डावीकडून चालत. १९७० मध्ये ने विन यांनी ती उजवीकडून चालवायचा हुकूम काढला. ज्योतिषाचा सल्ला म्हणून, असं लोक म्हणतात. गाड्यांची स्टिअरिंग मात्र उजवीकडेच राहिली, आणि पुढेही जपानहून जुन्या आल्या त्या तशाच. त्यामुळे ओव्हरटेक करताना समोरून काय येतंय ते ड्रायव्हरपेक्षा शेजारी बसलेल्याला आधी दिसतं.

आता मोजे. देवळात चपला काढणं मराठी माणसाला शिकवावं लागत नाही, पण तिथल्या पाटीत मोज्यांचाही उल्लेख असतो. या पाटीमागे एक साम्राज्य आहे. बर्माच्या राजासमोर बूट काढून जमिनीवर बसायची रीत होती. १८७५ नंतर कलकत्त्याच्या सरकारने आपल्या प्रतिनिधीला बूट काढायला मनाई केली, आणि मिंडॉन राजाने बूटवाल्याला भेटायला. बोलणंच थांबलं. दहा वर्षांनी, १८८५ मध्ये, इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि मिंडॉनचा मुलगा थिबा याला बैलगाडीत बसवून राजवाड्याबाहेर काढलं. तो पुढे आपल्या रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. गंमत नियतीची म्हणा किंवा इंग्रजांच्या हिशेबीपणाची: १९०८ ते १९१४ या काळात मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहीत होते. कैदी घरापासून दूर ठेवायचा असेल तर तेव्हा पासपोर्ट लागत नव्हता. १९३७ पर्यंत बर्मा हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता.

राजा गेला तरी बूट गेले नव्हते. यांगोनच्या श्वेडागॉन पॅगोडावर १८५२ मध्ये घुसलेलं ब्रिटिश सैन्य १९२९ पर्यंत तिथून पुरतं हललं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्मी तरुणांनी पॅगोडात बूट घालण्याविरुद्ध मोहीम उघडली. राजकीय सभा घेणं अवघड होतं, पण ‘आमच्या देवस्थानात जोडे काढा’ म्हणणाऱ्याला कुठल्या कलमाखाली पकडणार? १९१९ मध्ये मंडालेच्या आइंडोया पॅगोडात बूट घालून फिरणाऱ्या युरोपीय पाहुण्यांवर भिक्खू धावून गेले. त्यांच्यापैकी एकाला जन्मठेप झाली. बर्मी राष्ट्रवादाचा पहिला मोठा लढा असा पायताणावरून लढला गेला. आज यांगोनमधला कुठलाही गाईड हे सगळं न सांगता नुसतं तुमच्या पायांकडे बोट दाखवतो.

हे सगळं वाचून कुणाला जावंसं वाटलं, तर आजच्या सूचनेत एकच ओळ आहे: जाऊ नका. फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर देशात यादवी युद्ध चालू आहे. २८ मार्च २०२५च्या भूकंपाने मंडाले आणि आसपासच्या भागात तीन हजारांहून जास्त बळी घेतले. डॉलरचे दोन भावही परत आले. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने २१०० क्यातचा दर ठरवून दिला आणि बाजारातला दर पुढे त्याच्या दुप्पट झाला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्कराने सक्तीच्या भरतीचा कायदा लागू केला. १८ ते ३५ वयाचे पुरुष, १८ ते २७ वयाच्या स्त्रिया. घोषणेनंतर काही दिवसांत यांगोनच्या थाई वकिलातीसमोर इतकी गर्दी झाली की दिवसाला चारशेच टोकन द्यायचं ठरलं. मंडालेत पासपोर्ट कार्यालयाबाहेरच्या चेंगराचेंगरीत दोन स्त्रिया मेल्या. रांगेतली मुलं मोबाईलवर थायलंडची माहिती बघत होती: व्हिसा किती दिवसांचा, रोख किती लागते, काम कुठे मिळतं.