ब्लायबराचे देवदूत

इंग्लंडच्या सफक परगण्यात ब्लाय नदीच्या दलदलीकाठी ब्लायबरा हे काही शे वस्तीचे गाव आहे. त्याचे होली ट्रिनिटी चर्च मात्र एखाद्या शहराला शोभेल एवढे मोठे. पंधराव्या शतकात हे गाव गजबजलेले बंदर होते. 1412 मध्ये राजा चौथ्या हेन्रीने इथल्या मठाला चर्च नव्याने बांधायची परवानगी दिली. पुढे नदी गाळाने भरली, जहाजे येईनाशी झाली, 1537 मध्ये मठही बरखास्त झाला. गाव ओसरले, चर्च तेवढे राहिले.

आत बाकांच्या टोकांवर माणसाचे दुर्गुण कोरले आहेत. आळस अंथरुणात बसलेला, खादाडपणा स्वतःचे पोट धरून. अक्षरओळख नसलेल्या भाविकांसाठी हा डोळ्यांना दिसणारा उपदेशच होता. खरे वैभव मात्र वर आहे: छताच्या तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत.

4 ऑगस्ट 1577 च्या रविवारी प्रार्थना चालू असताना वादळ आले. मनोऱ्याचे शिखर कोसळून एक माणूस आणि एक मुलगा दगावला. लोक म्हणू लागले, एक सैतानी काळा कुत्रा आत शिरला होता. उत्तरेकडच्या दारावरचे जळके डाग आजही त्याच्या पंजांचे म्हणून दाखवतात.

देवदूतांवरचे संकट माणसांकडून आले. यादवी युद्धाच्या काळात, एप्रिल 1644 मध्ये, मूर्तिभंजक विल्यम डाउझिंग इथे आला आणि वीस देवदूत उतरवा, असे बजावून गेला. हुकूम पुरता पाळला गेला नाही. एवढ्या उंचीवर चढणे सोपे नव्हतेच.

पुढे देवदूतांच्या लाकडात शिशाचे छर्रे सापडले आणि खापर डाउझिंगच्या माणसांवर फुटले. पण छर्रे अठराव्या शतकातले निघाले. चर्चच्या जुन्या हिशेबांत 1761 च्या सुमारास जॅकडॉ पक्षी मारण्यासाठी दारूगोळ्याचा खर्च टाकलेला आहे. कावळ्याच्या कुळातले हे पक्षी छतात घरटी करत. नेम चुकला की छर्रे पंखांत घुसत. डाउझिंगची बाकीची नासधूस खरी आहे. म्हणूनच जे त्याने केले नाही, ते त्याच्या नावावरून पुसलेच पाहिजे.

1881 मध्ये इमारत धोकादायक ठरून चर्च बंद झाले. डागडुजी कशी करावी यावर वाद पेटला. विल्यम मॉरिसच्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने हट्ट धरला: पडझड थांबवा, पण चर्च नवेकोरे करू नका. छतावरचा मध्ययुगीन रंग, फिकट का होईना, अजून टिकून आहे.